वीस अंशांवर ठेवलेलं घर

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास माझी बायको सुनंदा गेली. मी पुण्यात रेसकोर्सवर होतो. माझा फोन बंद होता.

आता पुन्हा तो हंगाम आला आहे. पुण्याच्या रेस पावसाळ्यात असतात, आषाढाच्या आगेमागे सुरू होतात आणि दिवाळीच्या आत संपतात. आमच्या दिघीत त्याची कुणाला खबरही नसते. इथे या दिवसांत लष्कराच्या हद्दीतलं गवत तारेच्या कुंपणातून रस्त्यावर येतं, भोसरीकडे जाणाऱ्या दुचाकींच्या चाकांना लाल चिखल लागतो आणि पहिली शिफ्ट सुटलेली माणसं रेनकोटाच्या आत घामानं भिजून घरी येतात. मला मात्र हंगाम घरातल्या आवाजावरून कळायचा. शुक्रवार दुपारपासून घर हळूहळू गप्प व्हायचं आणि रविवार संध्याकाळपर्यंत गप्प राहायचं. ही शांतता माझ्यासाठी होती. मीच ती मागितली होती.

चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं मोजमापाच्या खोलीत काढली. त्या खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. बाहेर एप्रिलचा पत्रा तापलेला असो की डिसेंबरची पहाट, आत वीस. मशीनवरून उतरलेला पार्ट लगेच मोजायचा नाही, असा तिथला नियम होता. तो काळ्या दगडी टेबलावर ठेवायचा, खोलीइतका थंड होऊ द्यायचा आणि मगच हातमोजे घालून उचलायचा. उघड्या तळहाताची ऊबसुद्धा पोलादाला फुगवते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण मापात उतरतं आणि चांगला पार्ट नापास होतो किंवा वाईट पार्ट पास होऊन गाडीत जातो. नव्यानं आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो, की घाई करू नकोस आणि हात लावू नकोस.

मग कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. आम्हा काही जणांना हिशेब देऊन घरी पाठवलं. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. त्या वयात मोजमापवाल्याला कुणी विचारत नाही; आता मोजणारी मशीनंच येतात. जुन्या शिफ्टमधला एक जण सहज म्हणून मला रेसकोर्सवर घेऊन गेला. तिथे मी घोड्यांच्या आधी रेसचं पुस्तक पाहिलं. प्रत्येक घोड्याचं वय, पाठीवरचं वजन, मागच्या धावा, किती अंतराला किती वेळ लागला, जॉकी कोण. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. ती पानं वाचताना मला कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत असल्यासारखं वाटलं.

पहिली दोन वर्षं मी एक पैसा लावला नाही. घरी बसून कागदावर खेळलो. त्या दोन वर्षांत मला समजलं की घोडा ओळखणं हे या धंद्यातलं सोपं काम आहे. अवघड काम म्हणजे स्वतःला ओळखणं. हरल्यावर माणूस पुढच्याच रेसला ते भरून काढायला जातो, हे सगळेच सांगतात. जिंकल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही. जिंकलेल्या माणसाला वाटतं की त्याला दिसतंय. तो पुस्तक मिटतो आणि नजरेवर विसंबतो. मी रेसकोर्सवर उद्ध्वस्त झालेली जेवढी माणसं पाहिली, त्यांतली बरीचशी आनंदानं उद्ध्वस्त झाली होती. आणि तिसरा शत्रू म्हणजे घरून आणलेलं मन. सकाळी बायकोशी वाद झालेला माणूस दुपारी पैसे लावायच्या खिडकीवर उभा राहतो तेव्हा तो घोड्यावर पैसे लावत नसतो, त्या वादावर लावत असतो.

म्हणून मी ठरवलं, मन वीस अंशांवर ठेवायचं. पहिल्या रेसच्या आधी फोन बंद करायचा, शेवटची रेस झाल्यावर चालू करायचा. पैसे लावून झाले की धावपट्टीच्या कठड्याकडे पाठ करायची. शेवटच्या वळणावरून घोडे सरळ आले की हजार माणसांचा आवाज एकदम छातीवर येतो. तेव्हा मी पायऱ्यांवरच्या बुटांकडे बघत उभा राहायचो. ओल्या हिरवळीचा वास, भिजलेल्या कागदाचा, शेंगदाण्यांचा. बोटांना पुस्तकाची शाई लागलेली. निकाल लागला की एक पेला पाणी प्यायचं, जिंकलो तरी, हरलो तरी, सारखंच. सात वर्षं हे केलं. घर चाललं. फार नाही, पण चाललं, आमच्या मुलीचं, प्रज्ञाचं शिक्षण झालं.

सय्यदभाई माझ्या शेजारी उभे राहायचे. खडकीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, शनिवारी बंद ठेवून यायचे. एकदा आम्हा दोघांचा घोडा पहिला आला. ते टोपी काढून नाचायचेच बाकी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "राव, आला ना आपला घोडा. जरा हसा की. हसण्यावर अजून टॅक्स नाय लागला."

"पुढची रेस आहे अजून," मी म्हणालो.

"तुमच्यासारख्या माणसाबरोबर जिंकण्यात काय मजाच नाय. खुदा कसम, मय्यतीला आल्यासारखे उभे राहता."

मला ती शाबासकी वाटली होती.

घरावर मी कधी आवाज चढवला नाही. नियम सांगितले तेही शांतपणे, जसे खोलीतले नियम सांगायचो. रेसच्या आदल्या दुपारपासून मला काही सांगायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. भांडण, आजार, पाहुणे, शाळेचा निकाल, नळाचं पाणी, सगळं सोमवारी. सोमवारी मी सगळं ऐकेन. आणि मी ऐकायचो. सोमवारी सकाळी चहा झाला की सुनंदा समोर बसायची, पदराला हात पुसायची आणि बोटांवर मोजत एकेक सांगायची. दोन दिवस टेबलावर ठेवून थंड झालेली घरातली सुखदुःखं मला तेव्हा नीट मोजता यायची. मी सल्ले चांगले द्यायचो. वस्तीतली माणसं म्हणायची, भाऊ म्हणजे डोक्यानं थंड माणूस.

प्रज्ञाला तळेगावच्या कंपनीत नोकरी लागली तो हंगामाचाच दिवस होता. सोमवारी तिनं माझ्यासमोर पेढ्यांचा पुडा ठेवला. पेढे थोडे कडक झाले होते.

"कधी कळलं?"

"शुक्रवारी, बाबा. संध्याकाळी मेल आली."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"दुसऱ्या दिवशी रेस होती ना तुमची."

तीन दिवस ती पोरगी आपला आनंद फ्रीजमध्ये ठेवून घरात वावरत होती आणि मला पत्ता नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "शहाणी आहेस." आज मला त्या शब्दाची लाज वाटते.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाचन चालतं, वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून जातात, छत्र्या दाराशी एकावर एक टेकवतात. म्हणजे रेसचा हंगाम आणि वर्षावास जवळजवळ एकाच वेळी. सुनंदा एकही दिवस चुकवायची नाही. मी पुस्तकं घरीच वाचणारा, विहारात क्वचित जायचो. एकदा तिला म्हणालो, तुम्ही तिकडे मन सम ठेवायचं ऐकता, मी ते रेसकोर्सवर करून दाखवतो.

ती भाकरी थापत होती. हसली. म्हणाली, "अहो, ते चौथं आहे. आधी मैत्री, मग करुणा, मग दुसऱ्याच्या आनंदात आनंद. ते तीन झाल्यावर मन सम ठेवायचं. तुम्ही एकदम चौथ्यावरच कसे जाऊन बसलात?"

मी म्हणालो, "ज्याची गरज होती ते घेतलं."

"बाकीचं आम्ही करतो मग," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मी ती सोमवारी ऐकली असती. पण बाकीचं त्या दोघी करत होत्या, हे अक्षरशः खरं होतं. माझं मन स्थिर होतं असं मी सात वर्षं समजलो. वीस अंशांची खोली स्वतःहून वीस अंशांवर राहत नसते. पलीकडे भिंतीमागे यंत्र चालू असतं, ते दिवसभर गरम हवा बाहेर ओढून फेकत असतं, आणि तिथून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर ती वाफ येते. आत बसलेल्याला फक्त गारवा लागतो. एकोणीस वर्षं मी त्या यंत्राच्या शेजारून रोज कँटीनला गेलो होतो.

त्या रविवारी सकाळी सुनंदानं डबा दिला. भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. मी बूट घालत असताना ती खाटेच्या कडेला बसली. एरवी ती त्या वेळी उभी असायची.

"किती वाजता याल?" तिनं विचारलं.

"नेहमीसारखाच."

"बरं," ती म्हणाली. तिचा उजवा हात डाव्या दंडावर होता. हे मी पाहिलं. पाहिलं आणि आत घेतलं नाही, कारण रविवार होता. मला त्याची सवय होती. एखादी गोष्ट डोळ्यांनी टिपायची आणि मनाच्या बाहेरच ठेवायची, ही माझी कमाई होती. विश्रांतवाडीच्या सिग्नलला पोचेपर्यंत मी चौथ्या रेसमधल्या वजनांचा विचार करत होतो.

चौथ्या रेसला मी ज्याच्यावर लावले तो घोडा आला. मी एक पेला पाणी प्यायलो.

संध्याकाळी गाड्या लावतात तिथे येऊन फोन चालू केला. प्रज्ञाचे सतरा फोन येऊन गेले होते. मी लावला.

"बाबा, आई गेली."

मी विचारलं, "किती वाजता?"

 तिनं वेळ सांगितली. मी म्हणालो, निघतो. आणि निघालो. वाटेत प्रत्येक लाल सिग्नलला थांबलो. पाऊस भुरभुरत होता, हेल्मेटच्या काचेवरून मी दर थोड्या वेळानं बोटानं पाणी निपटत होतो. घरी पोचलो तेव्हा वस्तीतली माणसं बाहेर उभी होती. त्यांनी वाट करून दिली. रिक्षातून दवाखान्यात नेता नेताच गेली, प्रज्ञा बरोबर होती, एवढं मला कुणीतरी दारातच सांगितलं.

मी रडलो नाही. सगळी व्यवस्था मीच केली. कुणाला कळवायचं, गाडी कुठून आणायची, विहारातल्या भन्तेजींना कोण आणेल. माणसं एकमेकांत म्हणत होती, केवढा धीर आहे भाऊंना. मी आत शोधत होतो. कुठेतरी काहीतरी हलत असेल, फुटत असेल, असं वाटून मी स्वतःच्या आत हात घालून पाहत होतो, आणि तिथे शनिवार-रविवारचा गारवा होता. मला वाटलं, सोमवारी येईल. सोमवार आला. प्रज्ञा आईच्या जागेवर बसली होती, चहा कुणी केला नव्हता.

सुनंदाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी शेजारच्या मंगलताई थांबल्या. खुर्च्या रचून झाल्या, सतरंज्या गुंडाळल्या, तरी त्या जाईनात. दिघीतल्याच जुन्या घरच्या. सुनंदाची आणि त्यांची वीस वर्षांची सोबत.

"भाऊ, एक सांगू का? राग धरू नका."

"बोला."

"तिला तीन आठवडं तरास व्हता. डाव्या हाताला कळ यायची. मी म्हनलं, अगं त्यांना सांग की. तर म्हनली, आज शनवार हाय, सोमवारी सांगते."

"मग सोमवारी?"

"सोमवारी मी इचारलं तिला. तर म्हनली, आता न्हाई दुखत, आता काय सांगू. दुखलं का वार आडवा, आन वार मोकळा झाला का दुखायचं न्हाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मीच यायला पायजे व्हतं तुमच्याकडं. पर तुमच्या घरची रीतच तशी, मंग मी बी गप बसले."

माझ्या घरची रीत शेजारच्या घरापर्यंत पोचली होती.

त्यानंतर हंगाम संपला, हिवाळा गेला. मी पुस्तकं वाचली. एक पान वाचायला मला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. यंदा आषाढात सय्यदभाईंचा फोन आला. "या राव एकदा. घरात बसून माणूस सडतो." मी गेलो. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. रेसच्या आधी घोड्यांना गोल फिरवतात तिथे उभा राहिलो. भिजलेल्या पाठींवरून वाफ निघत होती, एक तांबडा घोडा मान खाली घालून जमीन हुंगत चालला होता. मी पुस्तक उघडलं, आकडे वाचले, लावले. कठड्याकडे पाठ करायची गरज पडली नाही. मी घोडे सरळ समोरून येताना पाहिले, माझा पहिला आला, आणि छातीत काहीच हललं नाही. सात वर्षं मी ज्या मनासाठी एवढी धडपड केली, एवढ्यांना गप्प बसवलं, ते आता मला आयतं मिळालं होतं. त्याला आता कसली शिस्त लागत नव्हती, फोनही चालू होता. सय्यदभाई माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. मी दुसऱ्या रेसच्या आधी निघालो आणि परत गेलो नाही.

पुढच्या रविवारी प्रज्ञा आली. ती तळेगावला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. हंगामातल्या रविवारी दुपारी मी घरात आहे, हे तिला नवीन होतं. तिनं पिठलं-भात केला, आम्ही जेवलो. मी तिला सांगितलं की रेस सोडली. ती ताटातल्या भाताचे ढीग करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"आईच्या हाताचं. शनिवारी फोनवर बोलली होती मला. म्हणाली, आज जरा जास्त दुखतंय, यांना सांगू का गं?" तिनं भाताचा एक ढीग मोडला. "यांना सांगू का, असं विचारलं तिनं, बाबा. आणि मी म्हणाले, नको, उद्या रेस आहे त्यांची. मी उद्या दुपारी येते, सोमवारी दोघी डॉक्टरकडे जाऊ."

बाहेर कुणीतरी दुचाकी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"तिला सांगायचं होतं," प्रज्ञा म्हणाली. "मीच नको म्हणाले."

त्या क्षणी मला काय करायला हवं होतं, ते मला स्पष्ट माहीत होतं. वर्षभर ती हे घेऊन एकटी राहत होती. तो नियम माझा होता. तिनं तो पाळला, आणि सगळ्यांत चांगला पाळला, कारण तिला मी शहाणी म्हटलं होतं. हे मला तिला सांगायचं होतं. मी म्हणालो, "प्रज्ञा, तुझी यात काही चूक नाही. चूक माझी आहे."

शब्द बरोबर होते. पण ते माझ्या आवाजात आले. त्याच आवाजात, ज्यात मी खिडकीवर घोड्याचा नंबर सांगायचो, ज्यात मी तिला विचारलं होतं, किती वाजता. मला तो ऐकू आला.

तिनं वर पाहिलं. "तुम्ही असं म्हणताय जसं काय..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग हळू म्हणाली, "राहू द्या, बाबा. तुम्ही मला समजावायला म्हणताय."

मी पुन्हा म्हणालो. थोडं मोठ्यानं म्हणालो. तिच्या हातावर हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही, तसाच राहू दिला, जसा आपण पाहुण्याचा राहू देतो. मग ती उठली आणि भांडी घासायला गेली. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनच तो बंद व्हायचा, तेव्हा कळायचं की ती नुसती उभी आहे.

रागावून बोललो असतो, हंबरडा फोडला असता, डोकं आपटलं असतं, तर कदाचित तिचा विश्वास बसला असता की बाप स्वतःला दोषी मानतो. निदान तेवढं तरी तिच्या अंगावरून उतरलं असतं. पुस्तकांतून मला दुःखाबद्दल पुष्कळ माहिती आहे, पण आवाज कसा फोडायचा ते त्यांत सापडलं नाही. मी आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं आहे. विहारातही जायला लागलो आहे. मागे भिंतीला टेकून बसतो, वाचन चाललेलं असतं, पहिल्या तिन्हींचा अर्थ मला समजतो. समजणं मला नेहमीच जमत आलं आहे.

चाकणच्या एका गोदामात आलेला माल तपासायचं काम मिळालं आहे, ते करतो. प्रज्ञा पंधरा दिवसांनी येते, जेवते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. आईच्या मरणाला ती स्वतःला जबाबदार धरते, आणि तसं नाही हे मी तिला अजून पटवू शकलेलो नाही.